ओस वास्तूंचें दुसरें आयुष्य

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त तारकर्ली येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या दिवशीं वक्त्यानें गत काळाचें गुणगान करावें, पुढील वर्षांसाठीं आशीर्वाद मागावा आणि जेवणाची घंटा होण्यापूर्वीं खालीं बसावें, असा परिपाठ आहे. तो आम्हांस मान्य आहे. परंतु आयोजकांनीं विषयाची निवड आम्हांवर सोपविली, आणि त्या मोकळिकीचा थोडासा गैरफायदा घेण्याचें आम्हीं ठरविलें आहे. काल संध्याकाळीं लादीन आटोपल्यावर खुरसापासून कर्लीच्या खाडीपर्यंत आम्ही पायीं गेलों. वाटेंत कोणकोणत्या घरांत दिवा लागला आहे हें पाहात चाललों होतों. दिवा नसलेलीं घरें बोटांवर मोजूं लागलों आणि खाडी येण्यापूर्वींच बोटें संपलीं. कांहीं घरांना कुलूप होतें. कांहींना कुलूप होतें पण दार नव्हतें. एका घराच्या खळ्यांत माड उगवून चांगला पुरुषभर वाढला होता. त्या घरचीं माणसें आजच्या मिस्सेला मुंबईहून आलीं आहेत आणि मालवणांत एका लॉजमध्यें उतरलीं आहेत, हें आम्हांस सकाळीं कळलें.

तेव्हां ओस पडलेल्या वास्तु आणि त्यांना पुन्हा मिळूं शकणारें आयुष्य, हाच आजचा विषय. हल्लीं या विषयाची चर्चा शहरांच्या संबंधानें पुष्कळ होते. बंद गिरण्या, रिकामे तुरुंग, जुन्या वखारी, सोडून दिलेलीं स्टेशनें यांत पुन्हा माणसें कशीं राहतील, गाणें, चित्र, ग्रंथ यांना तेथें जागा कशी मिळेल, यावर मोठमोठे लोक विचार करितात. आपल्यासारख्या वाडीचा तेथें काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. ज्या माणसानें येथील घराला कुलूप लाविलें, तोच माणूस मुंबईच्या गिरणींत जाऊन उभा राहिला. आज गिरणीही बंद आहे आणि घरही बंद आहे. एकाच माणसाच्या दोन वास्तु ओस पडल्या आहेत.

प्रथम घर मरतें कसें, तें सांगतों. कारण त्याचा अनुभव आम्हांस घरचाच आहे. वादळानें घर पडलेलें क्वचित दिसतें. आपल्या बाजूचें घर एका सरकलेल्या कौलानें मरतें. चिऱ्याची भिंत मोठी भक्कम खरी, परंतु तिचें मर्म माथ्याशीं असतें. कौल सरकलें कीं पावसाचें पाणी भिंतीच्या माथ्यांत शिरतें, सांध्यांतून खालीं उतरतें, वाशांचीं टोंकें कुजवितें. ओल आली कीं वाळवी येते. पांखरानें टाकलेलें उंबराचें बीं सांध्यांत रुजतें आणि त्याचें मूळ पहारीचें काम करितें. घर नांदतें असतें तेव्हां यांतील एकही गोष्ट घडत नाहीं. कारण मृगापूर्वीं कोणी तरी माळ्यावर चढून घर शाकारतें, आणि चुलीचा धूर वर्षभर वाशांना लागत असल्यामुळें कीड त्यांच्या वाटेला जात नाहीं. माणसाचा नुसता वावर हीच घराची अर्धी दुरुस्ती होय.

आमच्या आजोबांनीं बांधलेलें घर याच वाडींत आहे. तीर्थरूप गिरणींत होते. आम्ही भावंडें मुंबईंतच वाढलों. सातबाऱ्यावर नांवें वाढत गेलीं, आणि नांवें वाढलीं तसा शाकारणीचा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्नही वाढत गेला. एका वर्षीं आम्हीं म्हटलें, चुलत्यांनीं करावा; चुलत्यांनीं म्हटलें, जो मे महिन्यांत आंबे खावयास येतो त्यानें करावा. दोन्ही म्हणणीं न्यायाचीं होतीं. तीन पावसाळे हा न्याय चालला, आणि चौथ्या पावसाळ्यांत लोटा आणि पुढची खोली खालीं आली. त्या खोलींत आल्तार होता. सायबिणीची तसबीर शेजारच्यांनीं वेळींच काढून आपल्या घरीं नेली म्हणून ती वांचली. तीं शेजारीं माणसें आज येथें समोर बसलीं आहेत. त्यांचे आभार आम्हीं अद्यापि धड मानलेले नाहींत. ते येथें मानतों. तेव्हां यापुढें आम्ही जें कांहीं बोलूं तें उपदेश म्हणून न घेतां, उशीर झालेल्या माणसाचें बोलणें म्हणून घ्यावें.

आतां आपण थोडें दक्षिणेस जाऊं. येथें बसलेल्यांपैकीं बहुतेकजण संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तास जुन्या गोव्यास जाऊन आलेले आहेत. बॉम जेझू बासिलिकेंत दर्शन घ्यावयाचें, से काथेद्रालांत डोकवावयाचें आणि बस गांठावयाची, असा आपला क्रम असतो. पश्चिमेस जी टेकडी आहे, जिला मोंत सांतो म्हणजे पवित्र टेकडी म्हणतात, तिकडे फारसें कोणी वळत नाहीं. या टेकडीवर समोरासमोर दोन वास्तु आहेत, आणि आमच्या विषयाचें सारें मर्म त्या दोहोंच्या मधल्या वाटेवर उभें राहिलें असतां दिसतें.

एक वास्तु संत ऑगस्टीनच्या पंथाच्या धर्मगुरूंची. त्यांचें प्रचंड मंदिर 1602 च्या सुमारास पुरें झालें. त्याचा मनोरा सुमारें 46 मीटर उंच होता. दुसरी वास्तु म्हणजे सांता मोनिका, भगिनींचा मठ. आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या प्रेरणेनें 1606 सालीं तिचें बांधकाम सुरू झालें व 1627 सालीं पुरें झालें. पुढें 1636 सालीं ती आगीनें जळाली आणि लगेच पुन्हा उभारली गेली. तीन मजले, मधोमध चौक, भोंवतीं ओवऱ्या, आणि बाहेरून भिंतींना दिलेले दांडगे टेकू. हे टेकू पाहून आम्हांस नेहमीं असें वाटतें कीं, एखाद्या म्हाताऱ्या मातेला तिच्या मुलांनीं दोहों बाजूंनीं धरून उभें केलें आहे.

जुनें गोवें हें एके काळीं नांवाजलेलें शहर होतें. रोगराईनें तें रिकामें होत गेलें. 1759 सालीं व्हाइसरॉय पणजीस राहावयास गेला आणि 1843 सालीं पणजी ही रीतसर राजधानी झाली. पुष्कळ पडक्या इमारतींचे दगड पणजीच्या बांधकामास नेण्यांत आले. त्यांतच 1834 सालीं पोर्तुगीज सरकारनें धार्मिक पंथ बरखास्त केले. ऑगस्टिनियन धर्मगुरूंना मठ सोडावा लागला. 1842 सालीं, म्हणजे मठ सुटल्यावर दहा वर्षांच्या आंत, त्या मंदिराची कमान कोसळली. 1931 सालीं दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. आज तेथें एक एकाकी मनोरा आहे आणि यात्रेकरू त्याचें छायाचित्र घेतात.

सांता मोनिकाच्या भगिनींना मात्र हुसकून लाविलें नाहीं. नवी उमेदवार घ्यावयाची नाहीं, जुन्यांनीं मरेपर्यंत राहावें, असा हुकूम झाला. हा हुकूम दयाळू म्हणावा कीं क्रूर, याचा निर्णय आम्हांस करितां येत नाहीं. पन्नास वर्षें त्या वास्तूंत माणसें कमी कमी होत गेलीं, आणि 1885 सालीं शेवटची भगिनी वारली. त्यानंतर मठ सरकारजमा होऊन पुढें तेथें पोर्तुगीज शिपायांची छावणी झाली. मठांत शिपाई राहावे हें कोणास आवडेल? पण आमचें मत थोडें निराळें आहे. शिपाई राहिले म्हणून छप्पर राहिलें. गोवें मुक्त झाल्यावर 1964 सालीं तेथें मातेर देई ही संस्था निघाली आणि भारतभरच्या धर्मभगिनी तेथें येऊन राहूं व शिकूं लागल्या. शेवटच्या भगिनीच्या मृत्यूनंतर ऐंशीं वर्षांच्या आंत त्याच ओवऱ्यांत पुन्हा भगिनींचीं पावलें वाजलीं. पुढें 2002 सालीं राशोलच्या सेमिनरींतील ख्रिस्ती कलेचें संग्रहालय, जें 1994 सालीं सुरू झालें होतें, तें या मठाच्या मंदिरांत आणलें गेलें. तें नव्यानें सजवून 2022 सालीं पुन्हा खुलें झालें. हस्तिदंती मूर्ति, चांदीचीं पात्रें, भरतकामाचीं वस्त्रें. आमच्याच हिंदु व ख्रिस्ती कारागिरांच्या हातचें काम तेथें आहे. एका बाजूस राहणारीं माणसें, दुसऱ्या बाजूस पाहण्याजोगी कला, आणि दोहोंवर एकच छप्पर.

दोन्हीं वास्तु एकाच टेकडीवरच्या, एकाच पंथाच्या, जवळजवळ एकाच वयाच्या. दोहोंवर पाऊस सारखाच पडला. एकींत कोणी ना कोणी राहात आलें, दुसरींत कोणी राहिलें नाहीं. यापलीकडे फरक सांगतां येईल तो थोडाच. शिवाय त्याच टेकडीवर संत जॉन ऑफ गॉड यांच्या पंथाचा जुना मठ आहे. तेथें आतां वृद्धाश्रम आहे. फेस्ताच्या गर्दींतून कोणास उसंत मिळाली तर तेथें जाऊन यावें.

येथें एका घंटेविषयीं सांगितल्याशिवाय आम्हांस पुढें जाववत नाहीं. ऑगस्टीनच्या मंदिराची मोठी घंटा मंदिर पडण्यापूर्वीं काढून आग्वादच्या दीपगृहांत नेली होती. तेथें तिनें कांहीं वर्षें खलाशांची चाकरी केली. 1871 सालीं तिला पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या मंदिरांत चढविलें, आणि आज ती तेथें वाजते. मंदिराची घंटा खलाशांची झाली आणि पुन्हा मंदिराची झाली. आपल्या वाडींतल्या कित्येक तांडेलांचें चरित्र असेंच आहे.

पणजीनें स्वतः अलीकडे बरें काम केलें आहे. जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत बांबोळीला नवें रुग्णालय झाल्यावर रिकामी पडली होती. 2004 सालीं गोव्यांत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आला तेव्हां तिची डागडुजी करून तेथें महोत्सवाची सोय केली. मांडवीपलीकडचा रेइश मागुश किल्ला 1993 पर्यंत तुरुंग होता. त्याची निगुतीनें दुरुस्ती होऊन 2012 सालीं तो लोकांस पाहण्यास खुला झाला, आणि मारियो मिरांडा यांचीं चित्रें तेथें लागलीं. ज्या भिंतींआड माणसें कोंडलीं होतीं तेथें आतां शाळेचीं मुलें हंसत हिंडतात. तरीही आमचें मन सांता मोनिकाकडेच ओढतें. किल्ल्यांतून संध्याकाळीं सारे परत जातात. सांता मोनिकांत रात्रीं दिवा असतो.

ही कल्पना आजकालच्या शिल्पशास्त्र्यांनीं काढली असें कोणी समजूं नये. ख्रिस्तसभेला ती फार जुनी आहे. रोममधील पँथिऑन हें देवतांचें मंदिर 609 सालीं पोप चौथे बोनिफास यांनीं पवित्र मारिया व रक्तसाक्षी यांना अर्पण केलें; रोमच्या अनेक इमारतींचे दगड लोकांनीं पळविले, पण हें मंदिर वापरांत राहिलें म्हणून त्याचा घुमट आजही डोक्यावर आहे. डायोक्लेशियन बादशहाच्या मोडक्या स्नानगृहांत पोप चौथे पायस यांच्या काळीं मायकेल अँजेलोनें देवदूतांच्या मातेचें मंदिर योजिलें. त्याच बादशहाची दुसरी गोष्ट याहून मोठी. एड्रियाटिक समुद्राकांठीं त्यानें आपल्या म्हातारपणासाठीं एक राजवाडा बांधिला होता. सातव्या शतकांत शेजारचें सलोना शहर उद्ध्वस्त झालें तेव्हां निराश्रित लोक त्या रिकाम्या वाड्यांत शिरले, दालनांतून चुली मांडल्या, आणि ज्यानें ख्रिस्ती लोकांचा छळ केला त्याच्या थडग्याच्या इमारतींत काथेद्राल केलें. त्या वाड्याचें आज स्प्लिट शहर झालें आहे, आणि तेथें अद्यापि लोक राहतात, दोऱ्यांवर धोतरजोडे नसले तरी चादरी वाळत असतात.

आतां मुंबई. हें प्रकरण आम्हांस सर्वांत जवळचें आणि सर्वांत अवघड.

गोंयकार बांधवांच्या कुडी आपणांपैकीं वयस्कांस माहीत आहेत. धोबी तलाव, माझगांव या भागांत गोव्यांतील एकेका गांवानें आपल्या लोकांसाठीं भाड्यानें किंवा विकत जागा घेऊन ठेविली होती. गांवच्या रक्षक संताचें नांव, भिंतीशीं आल्तार, ओळीनें ठेवलेल्या लांकडी पेट्या. बोटीवरून उतरलेला खलाशी तेथें यावयाचा, पेटी उघडावयाचा, संध्याकाळीं रोझरीला गुडघे टेकावयाचा आणि पुढची बोट मिळेपर्यंत अल्प पैशांत राहावयाचा. आपल्या कोंकणच्या गिरणी कामगारांनींही तेंच केलें. एका गांवची एक खोली; दिवसपाळीचे लोक रात्रीं निजावयाचे, रातपाळीचे दिवसां; जेवण खानावळींत, वळकट्या माळ्यावर, आणि शनिवारीं भजन. कुडी आणि खोल्या यांना आज कोणी वास्तुकलेचे नमुने म्हणणार नाहीं. पण एवढ्याशा जागेंत एवढ्या माणसांना भाड्याबरोबर मान देणारी दुसरी व्यवस्था आम्हीं तरी पाहिलेली नाहीं. बोटीवरच्या नोकऱ्यांची रीत पालटली, प्रवास विमानानें होऊं लागला, आणि कित्येक कुडींतील पेट्या धनी नसल्यासारख्या पडून राहिल्या. त्या जागांवर आतां विकासकांची दृष्टि आहे. कांहीं कुडी मात्र अजून तग धरून आहेत. नोकरीच्या शोधांत आलेला, मुलाखतीस आलेला किंवा आजाऱ्याला घेऊन आलेला गांवकरी तेथें उतरतो.

गिरण्यांचें तसें झालें नाहीं. 18 जानेवारी 1982 रोजीं संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. त्यांतील पुष्कळांना पुन्हा आंत जातां आलें नाहीं. या सभागृहांत ज्यांच्या घरीं तो संप झाला अशीं कुटुंबें आहेत, म्हणून आम्ही त्यावर अधिक बोलत नाहीं. गिरण्या थंड पडल्या, आणि शहराच्या पोटांत शेंकडों एकर जमीन आणि दगडी इमारती रिकाम्या झाल्या. 1991 सालीं सरकारनें नियम केला. त्याचा भावार्थ असा कीं, गिरणीची जमीन विकसित करावयाची असेल तर एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेस, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीस आणि उरलेली मालकास. कागदावर ही वांटणी इतकी समंजस होती कीं, ती आमच्या चुलत्यांनीं केली असावी असें वाटत नाहीं. परंतु 2001 सालीं नियम बदलला आणि वांटणी केवळ आधींच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती राहिली. म्हणजे जेथें इमारत होती ती जमीन वांटणींतून सुटली. 2006 सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल कायम केला. शहराला उद्यानें मिळावयाचीं तीं फार थोडीं मिळालीं, आणि घरांचा वांटाही तसाच आटला. कामगारांसाठीं म्हाडानें घरें बांधून 2012 पासून सोडती काढल्या. कांहींना घर मिळालें, आणि तें मिळालें तेव्हां त्यांतील कित्येक घराचा जिना चढण्याच्या वयाचे राहिले नव्हते.

फिनिक्स मिलची चिमणी आजही लोअर परळास उभी आहे. तिच्याखालीं मोठा बाजार आहे. कमला मिलच्या आवारांत कचेऱ्या आणि उपाहारगृहें झालीं. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर तेथें आग लागून 14 माणसें मेलीं. या जागांना नवें आयुष्य मिळालें नाहीं असें कोण म्हणेल? दिवे आहेत, गर्दी आहे, संगीत आहे. पण हें आयुष्य कोणाचें, हा प्रश्न आम्ही विचारतों. ज्यानें त्या चिमणीखालीं तीस वर्षें सूत धरिलें, त्याला आंत जाण्यास आज कोणी अडवीत नाहीं, हें खरें. आंत जाऊन त्यानें करावें काय, एवढेंच कोणी सांगत नाहीं.

म्हणून नुसती इमारत वांचली एवढ्यावर आमचें समाधान होत नाहीं. आपल्या कोंकणांतलींच उदाहरणें घ्या. रत्नागिरीस ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठीं बांधलेला राजवाडा 1910 सालीं पुरा झाला; 1916 सालीं राजा वारला. पुढें त्याच वाड्यांत तंत्रनिकेतनाचे वर्ग भरत, आणि नंतर तेथें संग्रहालय झालें. बंदिवान राजाच्या दालनांत कोंकणच्या मुलांनीं यंत्रविद्या शिकावी, ही गोष्ट आम्हांस संग्रहालयाहून अधिक आवडते. सावंतवाडीच्या राजवाड्याची कथा तर आपल्या डोळ्यांसमोरची आहे. गंजिफा रंगविणारे कारागीर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असतां राजेसाहेब शिवरामराजे भोंसले यांनीं वाड्याच्या दरबारांत त्यांना बसविलें आणि विद्या टिकविली. दरबार भरेनासा झाला होता. तेथें रंगाचे कुंचले आले. उलट वेंगुर्ल्याची डचांची वखार पाहा. सतराव्या शतकांतली इमारत. तिच्या भिंतींत वडाचीं मुळें आहेत आणि आंत झुडपें. ती संरक्षित आहे म्हणून फलक सांगतो. फलक छपराचें काम करीत नाहीं.

आतां आपल्या वाडीकडे परत येऊं.

तारकर्लीस एका बाजूस समुद्र आणि एका बाजूस कर्ली. मधली पट्टी अरुंद आहे आणि देवबागेकडे ती आणखी निमुळती होत जाते. येथें नवी जमीन कोणास करितां येत नाहीं. देवबागेस तर आहे ती समुद्रापासून राखण्यासाठीं बंधारे घालावे लागतात. प्रवासी पुष्कळ येतात, आणि 2021 सालीं चिपीस विमानतळ सुरू झाल्यापासून आणखी येतील असें सारे म्हणतात. तेव्हां आपलीं बंद घरें बंद राहणार नाहींत, हें निश्चित समजा. तीं एक तर पडतील, नाहीं तर विकलीं जातील. विकत घेणारा घर घेत नाहीं; तो घराखालची जागा घेतो. चिरे सोडवून बाजूस रचून ठेवितो आणि नवीन बांधतो. विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाहीं. मुलीचें शिक्षण, आईचें औषध, मुंबईच्या खोलीचें कर्ज, यांपुढें आजोबांच्या लोट्याची महती सांगणें सोपें आहे, विशेषतः व्याख्यानांत.

पण विकणें आणि पडूं देणें यांच्या मध्यें कांहीं वाटा आहेत, आणि त्या आपण नीट चालून पाहिलेल्या नाहींत. निवास आणि न्याहारी ही पर्यटन महामंडळाची योजना आपल्या किनाऱ्यावर कित्येकांनीं घेतली आहे. ती चांगली आहे. मात्र तिच्या नांवांतच न्याहारी आहे, आणि न्याहारी करून घालणारें माणूस घरांत असावें लागतें. नुसत्या खोल्या रंगवून, किल्ली एखाद्या दलालाच्या हातीं देऊन, दर महिन्यास मुंबईंत पैसे मोजीत बसणें याला आम्ही घराचें पुनरुज्जीवन म्हणणार नाहीं. तें भाडें होय. तें घेण्यास हरकत नाहीं, पण त्याला मोठें नांव नको.

आमच्या मतें बंद घरावर पहिला हक्क राहणाऱ्याचा असावा. मालवणच्या शाळेंत बदलून आलेली शिक्षिका, आरोग्यकेंद्रांतील परिचारिका, नवें लग्न झालेला आणि बापाच्या घरांत भावांबरोबर दाटीनें राहणारा रापणकर, यांना वाडींत भाड्याची जागा मिळत नाहीं आणि त्यांच्याच शेजारीं घर कुलपांत कुजत असतें. भाडें थोडें येईल. पण शाकारणी होईल, चूल पेटेल, आणि घर वीस वर्षें अधिक जगेल. घर गमावण्याची भीति धन्याला वाटते, तीही खोटी नाहीं. म्हणून रीतसर लेखी करार करावा, अकरा महिन्यांचा असो वा अधिक मुदतीचा, आणि तो नोंदवावा. सातबाऱ्यावर बारा नांवें असतील तर बारा जणांनीं मिळून एकास मुखत्यारपत्र द्यावें. हें सांगतांना आम्हांस लाज वाटते, कारण आमच्या घरांत सहाव्या नांवावरच गाडें अडलें होतें.

दुसरें, एखादें तरी घर सर्वांचें व्हावें. ज्या घराला वारसच उरला नाहीं, किंवा ज्याचे वारस राजीखुशीनें देतील, असें एक. तेथें संध्याकाळीं मुलांना अभ्यासास दिवा मिळावा. व्हायोलिन शिकविणारा मनुष्य आपल्याकडे अजून आहे. त्याला शिकविण्यास पडवी नाहीं म्हणून तो खळ्यांत शिकवितो आणि पावसाळ्याचे चार महिने शिकवीत नाहीं. जुनीं लग्नपत्रें, खलाशांचीं पुस्तकें, गिरणीचे बिल्ले, आजीच्या पेटींतील कापडें, हें सारें घरोघरीं वाळवीच्या तोंडीं आहे. तें एका कोरड्या खोलींत मांडतां येईल. 2005 सालीं पुणें धर्मप्रांतांतून सिंधुदुर्ग धर्मप्रांत निराळा झाला. आपला इतिहास आपणच राखावयाचा आहे, आणि तो राखण्यास राजवाडा लागत नाहीं. मात्र एक पथ्य पाळावें: त्या घरांत एक कुटुंब राहावयास असलेंच पाहिजे. सकाळीं दहाला उघडणारें आणि पांचला बंद होणारें घर शेवटीं पडतेंच.

दुरुस्तीविषयीं एक शब्द, कारण उत्साहानें नुकसान होतें. जुन्या चिऱ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा थापूं नये. ती भिंत ओल घेते आणि सोडते. चुन्यानें तिला श्वास राहतो, सिमेंटखालीं ओल आंत कोंडते आणि चिरा पोखरतो. छपरावर पत्रे टाकण्यापूर्वीं कौलें किती धड आहेत तें मोजावें. बहुधा पुष्कळ धड असतात. वाशांतले कुजलेले तेवढेच बदलावे. आमच्या येथील जुन्या सुताराला विचारलें असतां त्यानें आमच्या मागच्या दोन खोल्यांसाठीं जो खर्च सांगितला, तो आम्हीं तीन वर्षें भांडून एकमेकांस केलेल्या फोनच्या आणि वकिलाच्या खर्चाहून फार अधिक नव्हता.

कोणी विचारतील, घर दुरुस्त करून माणसें परत येतील काय? मुंबईला गेलेले बहुतेक येणार नाहींत. आमची मुलें येणार नाहींत, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांच्या नोकऱ्या तेथें आहेत, त्यांच्या मुलांच्या शाळा तेथें आहेत. सांता मोनिकांत 1964 सालीं ज्या भगिनी आल्या, त्याही 1885 सालीं वारलेल्या भगिनींच्या नात्यांतल्या नव्हत्या. त्या दुसऱ्याच होत्या, दुसऱ्या प्रांतांच्या, दुसऱ्या भाषांच्या. आपल्या घरांतही कदाचित् दुसरींच माणसें राहतील. आमच्या लोट्यावर कोणी परकें मूल बसून पेज जेवील, हा विचार आरंभीं आम्हांस जड गेला. आतां तितका जात नाहीं.

आमच्या चुलत भावंडांपैकीं नऊ जण आज या सभेंत आहेत. उरलेल्या तिघांशीं काल रात्रीं बोलणें झालें आहे. मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर अद्यापि उभें आहे; आढें शाबूत आहे, हें सुतारानें काल वर चढून पाहिलें. मृगाला अवकाश आहे. जेवण झाल्यावर ज्यांना यावयाचें असेल त्यांनीं आमच्याबरोबर यावें. खुरसापासून डाव्या हातास तिसरें घर, किल्ली आमच्या खिशांत आहे. खळ्यांतल्या विहिरीवर झांकण नाहीं, तेव्हां मुलांना हात धरून आणावें.